तारेचा व्हाया पुरे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचं जेवण आटोपून मी पडवीत आडवा झालो होतो. माजघरात नातू कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "अरे, बाकी सगळं बरोबर आहे रे, पण व्हायाच लागत नाही!" मला वाटलं एस.टी.बद्दल चाललंय. आमच्याकडे व्हाया हा शब्द भेटतो तो एस.टी.च्या बाबतीतच. गाडी व्हाया कणकवली की व्हाया कुडाळ, यावर आमच्या स्टँडवर अर्धा अर्धा तास चर्चा चालते. मी पडल्या पडल्या विचारलं, "खंयची गाडी रे?" तो हसत बाहेर आला आणि तळहाताएवढा एक हिरवट-पिवळा पत्रा त्याने माझ्या नाकासमोर धरला. "गाडी न्हय आबानूं, ह्यातलो व्हाया."

तर मंडळी, आजचा लेख त्या व्हायाबद्दल आहे. मी मराठी माध्यमातला बी.ए., मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. सर्किट बोर्डावर मी काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्या पत्र्यावरून आमच्या घरात जवळजवळ महिनाभर वाद झाला, त्या वादात मी एक बाजू जिंकलो आणि एक सपशेल हरलो. दोन्ही लिहून ठेवावं म्हणतो.

आधी हा पत्रा काय असतो ते माझ्या भाषेत सांगतो. काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळेसारखा एक पदार्थ (इपॉक्सी) दाबून केलेली साधारण दीड मिलिमीटर जाडीची फळी. तिच्या एका किंवा दोन्ही अंगांना तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. पापुद्रा किती पातळ? ३५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या (ज्यांच्या आहे त्यांच्या) केसाच्या निम्मा. त्यातलं नको ते तांबं आम्लासारख्या पाण्यात विरघळवून टाकायचं, हवं ते तेवढं रेघांसारखं ठेवायचं. त्या रेघा म्हणजे तारा. पॉल आयस्लर नावाच्या मूळच्या व्हिएन्नाच्या इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये असा छापील तारांचा रेडिओ करून दाखवला. त्याआधी रेडिओच्या पोटात नुसता तारांचा गुंता असायचा. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी उघडलाय त्यांना तो आठवत असेल.

आता अडचण अशी की सपाट फळीवर दोन रेघा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. ओलांडल्या की चिकटल्या, आणि चिकटल्या की शॉर्ट. वहाळावर आपण साकव घालतो तसा वरून तारेचा तुकडा टाकून एक रेघ पलीकडे नेता येते. पण असे पाच-पन्नास साकव झाले की बोर्ड म्हणजे पुन्हा तारांचा गुंताच. म्हणून दुसरा उपाय: रेघ फळीच्या पाठीवर न्यायची, तिथून पुढे चालवायची आणि हवी तिथे परत वर आणायची. त्यासाठी फळीला आरपार भोक पाडायचं आणि वरचं तांबं खालच्या तांब्याला जोडायचं. त्या जोडाचं नाव व्हाया.

भोक पाडणं सोपं आहे हो. ०.८ मिलिमीटरचं गिरमिट मिळतं, हातातल्या छोट्या ड्रिलने पडतं. (पडणारी धूळ काचेची असते, म्हणून तोंडाला फडकं बांधून आणि ओलं करून पाडावं, ही माझी सूचना. तो मान्य करतो, पाळतो कधी कधी.) अवघड आहे ते पुढचं. भोकाच्या आतल्या भिंतीला तांबं नसतंच, तिथे नुसती काच आणि राळ. वर तांबं, खाली तांबं आणि मधे दीड मिलिमीटरची कोरडी विहीर.

नातू तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत त्याने ठरवलं होतं की आमच्या बावीवरच्या पंपाला एक राखणदार करायचा. टाकी भरली की पंप बंद, आणि एप्रिल-मेमध्ये बावीचं पाणी तळाला गेलं की पंप सुका फिरायच्या आधी बंद. गरज खरीच होती. आदल्या उन्हाळ्यात पंप सुका फिरून जळला होता आणि त्याला कारण मी होतो, पंप चालू करून दुपारी झोपलो होतो! तेव्हा या प्रकल्पाला माझा नैतिक आणि आर्थिक पाठिंबा होता.

पहिला बोर्ड त्याने घरीच केला. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर आराखडा छापून आणला, तो पत्र्यावर उलटा ठेवून आजीच्या इस्त्रीने दाबला, काळी शाई म्हणजे प्लास्टिकच ते, ती तांब्याला चिकटली. दोन बाजूंचे दोन कागद खिडकीच्या उजेडात एकावर एक जुळवून त्यांचा लखोटा केला आणि पत्रा त्यात सरकवला. ही युक्ती मला फार आवडली. अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकलं तरी वरचं भोक खालच्या ठिपक्यावर उतरत नाही. मग फेरिक क्लोराईडच्या तपकिरी पाण्यात बुडवून हलवत बसला. भोकं पाडली. आणि प्रत्येक भोकातून तांब्याच्या तारेचा तुकडा ओवून वरून खालून डाख दिला.

डाख म्हणजे सोल्डर. हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. मी सांगितला तेव्हा त्याला मजा वाटली. मग मी त्याला कल्हईवाल्याची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी कल्हईवाला अंगणात भाता लावायचा, तांब्या-पितळेचं भांडं लालसर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसली की भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. नवसागर कशाला? तर तांब्यावरचा मळ, गंज काढायला. त्याशिवाय कथील धरत नाही. नातू म्हणाला, आमच्याकडे नवसागराच्या जागी राळ असते, डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली. म्हणजे धंदा तोच. फक्त भांडं लहान झालं!

तो पहिला बोर्ड चालला. दोन महिने चालला. श्रावणात एका रात्री टाकी भरून वाहायला लागली आणि पहाटेपर्यंत वाहत राहिली. अंगणात तळं. उघडून बघितलं तर एका व्हायाचा डाख वरून धरलेला दिसत होता, पण खालून तार नुसती टेकलेली होती, धरलेली नव्हती. वर उघड्या तांब्यावर हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं. खाऱ्या वाऱ्याची कृपा. आमच्या किनाऱ्यावर खिडकीचे गज टिकत नाहीत तिथे ३५ मायक्रॉन तांब्याची काय कथा!

इथून त्याच्या डोक्यात बसलं की तारेचा व्हाया म्हणजे गावठी काम. कारखान्यात करतात तसं भोकाच्या आतून तांबं चढवायचं. मेमध्ये मला ऐकू आलेलं फोनवरचं बोलणं होतं ते याचंच.

कारखान्यात काय करतात ते त्याने मला समजावून सांगितलं आणि मी ते दोनदा ऐकून घेतलं, कारण पहिल्यांदा कळलं नाही. वीज वापरून तांब्याचा मुलामा चढवायचा तर ज्यावर चढवायचा ते विजेला वाहू देणारं हवं. काच वाहू देत नाही. म्हणून आधी भोकाच्या भिंतीवर पॅलेडियम या महागड्या धातूचे अतिसूक्ष्म कण बसवतात, मग विजेशिवाय, नुसत्या रसायनाने, तांब्याचा एक झिरझिरीत थर आणतात आणि मग त्याच्यावर वीज लावून २०-२५ मायक्रॉनपर्यंत तांबं वाढवतात. त्या मधल्या पायरीत तांबं खाली बसवायला फॉर्मल्डिहाइड वापरतात. हा शब्द ऐकला आणि मी ताठ बसलो. फॉर्मेलिन म्हणजे त्याचंच पाणी. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीला फॉर्मेलिन लावतात असा बोभाटा झाला, तिथल्या सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळीच बंद केली, तेव्हा आमच्याकडच्या मासेवाल्यांच्याही तोंडी तो शब्द बसला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हे द्रव्य माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातलंय. मी म्हटलं, ते या घरात येणार नाही. तो म्हणाला, मलाही नकोय, माझी रीत वेगळी आहे.

त्याची रीत म्हणजे ग्रॅफाइट, पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ना आपण, ते. त्याची बारीक पूड पातळ गोंदात कालवून भोकांत भरायची, फुंकून भोक मोकळं करायचं, वाळवायचं. भिंतीवर काळा लेप राहतो आणि तो वीज वाहतो. ही कल्पना काही नवी नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात छापखान्यांत मजकुराच्या खिळ्यांचा मेणात ठसा घेऊन त्याला ग्रॅफाइट चोळायचे आणि तांब्याच्या पाण्यात बुडवून वीज लावायचे, की मेणावर तांब्याची हुबेहूब पाटी तयार. हजारो पुस्तकं अशा पाट्यांवरून छापली गेली. कारखानेही आता काही ठिकाणी पॅलेडियमऐवजी कार्बनच वापरतात.

मग बागायतीच्या दुकानातून मोरचूद आलं, बॅटरीच्या दुकानातून बॅटरीचं ॲसिड आलं. मांगरात प्लास्टिकच्या डब्यात दोन लिटर निळं पाणी तयार झालं. एका बाजूला तांब्याची पट्टी, दुसऱ्या बाजूला काळ्या भोकांचा पत्रा, आणि मोबाईलचा जुना चार्जर.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात एका शाळेत विज्ञानाची जागा दीड वर्ष भरली गेली नव्हती, तेव्हा तो तास माझ्या गळ्यात पडला. विद्युत विलेपन हा धडा मी दोन वर्षं शिकवला. फळ्यावर चंचुपात्र काढलं, धनाग्र, ऋणाग्र, बॅटरी, बाण दाखवले. मुलांनी वहीत आकृती उतरवली, नावं दिली, परीक्षेत गुण मिळवले. मोरचूद गावातल्या प्रत्येक पोफळीच्या बागेत पोत्यात पडलेलं होतं, खिळा कुणाच्याही खिशात होता, आणि त्या दोन वर्षांत एकदाही मला तो खिळा त्या पाण्यात बुडवून दाखवावा असं सुचलं नाही. मी स्वतःसुद्धा ते पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, मांगरात, नातवाच्या डब्यात. पत्र्याच्या कडेला गुलाबी रंग उमटायला लागला तेव्हा मी स्टूल ओढून तिथेच बसलो, चहाला हाक आली तरी उठलो नाही.

माझ्याकडे शिकलेल्या त्या मुलांतली काही आज पन्नाशीत आहेत. कुणी भेटलं तर सांगावंसं वाटतं. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

असो. प्रयोगाचं काय झालं? भोकाच्या दोन्ही तोंडांशी तांबं छान जमलं, आत मधे जमलं नाही. मीटर लावला तर पिपाणी वाजायची, पण ती ग्रॅफाइटमुळे. त्याने पत्रा करवतीने बरोबर भोकांच्या मधून कापला आणि भिंगाखाली धरला. दोन्ही बाजूंनी आत येणारं तांबं आणि मधे काळा पट्टा. दुसऱ्यांदा लेप पातळ केला, वीज कमी केली, रात्रभर ठेवलं. या वेळी बरीच भोकं आरपार भरली. आनंद झाला. मग त्याला कळलं की आधी रेघा कोरून मग तांबं चढवता येत नाही, सगळा क्रमच उलटा: आधी भोकं, मग मुलामा, मग रेघा, आणि रेघा कोरताना भोकांची तोंडं झाकली नाहीत तर तपकिरी पाणी आत शिरून रात्रभर चढवलेलं तांबं दहा मिनिटांत खातं. तसंच झालं. तिसऱ्या खेपेला तेही जमवलं. मग डाख देताना, तीनशे अंशांच्या लोखंडाची ऊब लागताच, दोन व्हाया आतल्या आत तुटले. वरून काही दिसत नव्हतं. फळी तापली की जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगते, आतली तांब्याची नळी पातळ असेल तर ताणून तडकते. कारखान्यातलं २५ मायक्रॉन उगीच नाही.

मला हे सगळं बघायला आवडत होतं. भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून.

एका संध्याकाळी तो तपकिरी पाण्याचा डबा घेऊन परसाकडे निघाला होता.

"खंय ओततंस ता?"

"माडाक."

"माडाक? आणि बाव खंय आसा?"

बाव तिथून पंधरा पावलांवर. आमची जमीन जांभ्याची. चिरा हातात घेतलात तर भोकंच भोकं, नुसती चाळण. वर ओतलेलं पाणी कुठल्या फटीतून कुठे जाईल याचा नेम नाही. त्याच बावीचं पाणी आम्ही पितो आणि खाली उतारावर खाडी आहे, जिथून तिसऱ्या येतात.

"थोडाच आसा, आबानूं."

मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या आईला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण कल्हई उडालेल्या भांड्यात तिने कधी सोलकढी केली नाही, ताक ठेवलं नाही. कळकतं, म्हणायची. आंबटात तांबं उतरतं आणि पोटाला बाधतं, एवढं तिला ठाऊक होतं. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपलं धरू नये म्हणून तांबडा रंग लावतात त्यातही तांब्याचंच विष असतं, ते आमच्या दर्यावर्द्यांना ठाऊक आहे. जे शिंपल्याला होडीला चिकटू देत नाही ते खाडीतल्या तिसऱ्याला काय सुख देणार? आणि इथे डिप्लोमाला बसलेला मुलगा तेच पाणी बावीच्या कडेला ओततोय!

तो गप्प राहिला. डबा खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "मगे तुमी पोफळींक मोरचूद मारतास ता?"

या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो, खोटं कशाला सांगू.

कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात सुपारी गळते, कोळे रोग म्हणतात. तो येऊ नये म्हणून पावसाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मी इतकी वर्षं ते करत आलो. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर सगळं मिळून तांबं सहा ग्रॅमच्या थोडं वर. त्यातलं दोनतृतीयांश कोरून काढलं तर चार ग्रॅम. आणि माझ्या शंभर लिटरच्या पिंपात? मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे अडीचशे ग्रॅम. एका पिंपात त्याचे साठ बोर्ड! तांबं कुजत नाही, उडून जात नाही, मातीत साठत राहतं. युरोपात २०१९ पासून शेतीला नियमच आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं मारायचं नाही. माझ्या बागेत आजवर किती गेलं याचा हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता.

माझ्या बाजूने बोलण्यासारखं थोडं होतं, ते मी बोललो. बोर्डोत चुना असतो, त्यामुळे तांबं मोकळं राहत नाही, चोथा होऊन बसतं. ते बागभर पातळ उडतं, एका जागी ओतलं जात नाही. आणि बावीकडच्या बाजूने उलटा हिशेब केला तर त्याचे चार ग्रॅमही थोडे नाहीत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं चालवून घेतं, नाइलाज असेल तर दीड मिलिग्रॅम. चार ग्रॅम म्हणजे ऐंशी हजार लिटर पाणी त्या पहिल्या मर्यादेला नेणारं तांबं. आमच्या बावीत मेमध्ये एवढं पाणीही नसतं. सगळं काही झिरपून बावीत जात नाही, माती बरंच धरून ठेवते, हेही खरं. पण किती धरते यावर आपण पिण्याचं पाणी पणाला लावायचं का?

ते त्याला पटलं. मला पटलेली गोष्ट ही की मोरचुदाच्या बाबतीत मी आजवर हात सैल सोडून वागत आलो.

आता माझं मत सांगतो, कारण या लेखाचं निमित्त तेच. हल्ली अशा मुलांना लोक सल्ला देतात की घरी कशाला उपद्व्याप, आराखडा पाठवून दे, कारखान्यातून पाच बोर्ड तयार होऊन कुरिअरने येतील, भोकं आतून तांब्याने मढवलेली, वर हिरवा रंग. खर्चही फार नाही. खरंच आहे, आणि शेवटचा, पंपावर कायम बसायचा बोर्ड तसाच मागवावा. पण पहिला, चुकायचा बोर्ड घरीच व्हावा. आयता बोर्ड हातात आला असता तर व्हाया म्हणजे काय हे त्याला कळलं नसतं, आणि मला तर या जन्मात कळलं नसतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने करत शिकण्यासाठीच. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. अशा कार्यशाळांत बोर्ड छोट्या यंत्राने कोरून काढतात, आम्लाचं पाणी लागतच नाही. २०१६ पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब झाल्या. त्यात मुलं तयार पट्ट्या तारांनी एकमेकींना जोडतात, दिवे लावतात. चांगलंच आहे. पण त्यांनी एकदा तरी पत्रा घ्यावा, दोन्ही बाजूंना रेघा काढाव्यात, भोक पाडावं, तार ओवावी आणि ती खालून धरलीय का हे मीटर लावून बघावं. माझ्यासारखी नुसती आकृती काढून घेणाऱ्या मास्तरांची आता गरज नाही.

मात्र घरी व्हाया करायचा तो तारेचाच. भोक आतून मढवायच्या नादाला लागू नये. ते जमत नाही म्हणून नव्हे, नातवाने जवळजवळ जमवलं होतं. त्या दोन लिटर निळ्या पाण्यात दोनशे ग्रॅम मोरचूद होतं, म्हणजे पन्नास ग्रॅम तांबं, वर ॲसिड. तो म्हणतो ते पाणी संपत नाही, पट्टीतून जेवढं तांबं पत्र्यावर चढतं तेवढं परत पाण्यात येतं, वर्षानुवर्षं वापरता येतं. कबूल. पण सुट्टी संपली की तो जाणार, डबा मांगरात राहणार, उंदीर येणार, पावसाळा येणार आणि केव्हातरी तो डबा माझ्यासारख्या कुणाच्या तरी पायाने लवंडणार. कारखान्याला सांडपाणी शुद्ध करायची सक्ती असते, पाळतात की नाही हा वेगळा विषय. घराला तसली सक्ती नसते. चौदा भोकं जोडायला पन्नास ग्रॅम विष घरात ठेवायचं की वीतभर तार कापायची? कोरायच्या तपकिरी पाण्याला चुकवता येत नाही, ते घेऊच, पण जेवढं कमी तेवढं बरं.

आणि तार वाईट नाही. पहिला बोर्ड बिघडला तो तारेमुळे नव्हे, घाईमुळे. आता तो तार आधी कल्हई करून घेतो, म्हणजे तारेला आणि तांब्याच्या ठिपक्यांना आधी डाखाचा हात देतो, मग ओवतो, एका बाजूने धरली की उलटा करून दुसऱ्या बाजूने, आणि मग प्रत्येक तार चिमट्याने हलवून बघतो. आयसीचं सॉकेट बसलं की त्याच्या खालच्या भोकाला वरून डाख देता येत नाही, म्हणून आराखडा काढतानाच व्हाया सॉकेटपासून दूर उघड्यावर ठेवतो. सगळं झालं की राळ स्पिरिटमध्ये विरघळवून वरून हात मारतो, खाऱ्या वाऱ्यासाठी. ही पोकळ रिव्हेटं मिळतात म्हणे तांब्याची, भोकात ठोकून बसवायची. तीही चालतील, पण तारेला पैसे पडत नाहीत.

वापरलेल्या पाण्याची व्यवस्था आता अशी. तपकिरी पाण्यात आधी जुने खिळे टाकून ठेवतो, त्यांच्यावर तांबं लाल होऊन बसतं. मग फकी फकी करून चुना, ढवळून ठेवायचं, साका खाली बसतो. तो सुकवून सिमेंटमध्ये कालवून त्याचा ठोकळा. असा एक ठोकळा मांगराच्या दाराला टेकण म्हणून लावलाय. निळ्या पाण्याचंही शेवटी तेच केलं, चुन्याचं अख्खं पोतं संपलं आणि आजीची बोलणी खावी लागली.

चौदा व्हायांचा तारेचा बोर्ड पावसाळाभर चालला. कारखान्यातून मागवलेला तयार आहे, खोक्यातच आहे. जुना बिघडला की बसवू म्हणतो, अजून बिघडलेला नाही.

बोर्डो मात्र यंदा निम्म्या पोफळींनाच मारला, ज्यांना गेल्या साली रोग आला होता तेवढ्यांना. मिश्रण झालं की त्यात लोखंडाचा स्वच्छ कोयता मिनिटभर बुडवून बघायचा असतो. पात्याला तांबडेपणा आला तर तांबं अजून मोकळं आहे असं समजायचं. आमच्या वडिलांनी मला हे शिकवलं होतं, मी कित्येक वर्षं कंटाळा करून सोडून दिलं होतं. यंदा नातवाने पिंपात कोयता बुडवला आणि वर काढून माझ्यासमोर धरला. पातं तांबडं झालं होतं. मी चुन्याची टोपली आणायला उठलो.